पदेराला दारातूनच काय कळते

गोव्यातल्या आमच्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या वस्तीवर, सकाळी साडेसहाच्या सुमारास पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो. सायकलच्या मागे निळ्या प्लास्टिकने झाकलेली टोपली, त्यात पाव आणि पावाचेच प्रकार, उंडे आणि पोळी. हा माणूस आजवर आमच्या उंबरठ्याच्या आत आलेला नाही. तरी चारऐवजी दहा पाव मागितले की घरात पाहुणे आहेत हे त्याला कळते. तीन दिवस कोणी बाहेर आले नाही की घर बंद आहे हे कळते. शेजारच्या आजींनी पाव सोडून कोंड्याची पोळी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना साखरेचा त्रास सुरू झाल्याचे आमच्याआधी त्याने ओळखले. घरातले बोलणे त्याला ऐकू येत नाही, आणि ऐकायची गरजही पडत नाही.

मोबाईलवरच्या खासगीपणाचा विषय निघाला की मी हेच उदाहरण देते. व्हॉट्सॲपवरचा मजकूर 2016 पासून पाठवणाऱ्यापासून मिळवणाऱ्यापर्यंत कुलूपबंद जातो, कंपनीलाही तो वाटेत वाचता येत नाही. हे खरे आहे. पण तुम्ही कोणाला, किती वाजता, किती वेळा निरोप पाठवता, कुठल्या ग्रुपमध्ये आहात, तुमच्या फोनमध्ये कोणाकोणाचे नंबर आहेत, हे कंपनीला दारातूनच दिसते.

फोंड्याजवळच्या आमच्या गावच्या वाचनालयात रविवारी सकाळी मी दोन तास बसते आणि लोकांच्या फोनची सेटिंग्ज नीट करून देते. येणाऱ्यांत काही म्हणतात, "सगळे आधीच बाहेर गेले आहे, आता काय लपवायचे?" आणि काही म्हणतात, "एकच असे ॲप सांग की ते घातले की निश्चिंत." पहिल्यांनी हातपाय गाळले आहेत, दुसऱ्यांना ताईत हवा आहे. दोघांना मी सांगते ते इथे सविस्तर लिहीत आहे. सगळे एका दिवसात करायचा अट्टहास नको. पहिल्या तीन पायऱ्या मात्र या आठवड्यातच करा.

पायरी 1: कोणापासून जपायचे ते ठरवा

एक कागद घ्या आणि त्यावर चार नावे लिहा: भामटे, ओळखीची माणसे, कंपन्या, सरकार. प्रत्येकासमोर लिहा, "याला माझे काय कळले तर माझे नुकसान होईल?"

बहुतेकांच्या कागदावर खरे नुकसान पहिल्या दोन रकान्यांत निघते. खाते रिकामे करणारा भामटा, फोन हाताळणारा नातेवाईक, जुना मित्र, घरमालक. भीती मात्र तिसऱ्या आणि चौथ्या रकान्याची जास्त बोलली जाते. भामट्यापासून तुम्ही जवळजवळ पूर्ण बचाव करू शकता. ओळखीच्या माणसापासून बराच. कंपनीला मिळणारी माहिती कमी करता येते, शून्यावर आणता येत नाही. सरकारच्या बाबतीत फोनच्या सेटिंगने फारसे काही होत नाही, तिथे कायदा आणि न्यायालय हाच मार्ग.

त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहून ठेवा: माझे नाव, मोबाईल नंबर, पत्ता आणि जन्मतारीख ही माहिती फुटलेली आहे असे धरून चालायचे. 2021 मध्ये एअर इंडियाच्या माहिती फुटीत सुमारे 45 लाख प्रवाशांचा तपशील गेला, त्यात नाव, जन्मतारीख, संपर्क आणि पासपोर्टची माहिती होती. आखातात ये-जा करणारी किती घरे आपल्याकडे आहेत ते वेगळे सांगायला नको. अशा फुटी पुन्हा पुन्हा होतात आणि गेलेली जन्मतारीख परत घेता येत नाही. म्हणून फोनवरच्या माणसाने तुमचे पूर्ण नाव, गाव, आधारचे शेवटचे चार आकडे अचूक सांगितले तरी तो बँकेचा आहे हे सिद्ध होत नाही. 'डिजिटल अटक' असा प्रकार भारताच्या कायद्यात नाही. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन घालावा लागत नाही. या दोन गोष्टी घरातल्या वडीलधाऱ्यांना पाठ करून घ्या.

पायरी 2: कुलपे लावा, यात सर्वांत जास्त फायदा आहे

यासाठी अर्धा तास काढा.

गूगल खाते, आयफोन असेल तर ॲपलचे खाते, हे घराच्या किल्ल्यांचा जुडगा आहे. बाकी सगळ्याचे पासवर्ड त्याच ईमेलवरून बदलले जातात. त्याला वेगळा, लांब पासवर्ड द्या, जो दुसरीकडे कुठेही वापरलेला नाही. आपल्याकडे कुलदेवतेचे नाव आणि पुढे जन्मसाल हा पासवर्ड इतका चालतो की ओळखीचा माणूस तिसऱ्या प्रयत्नात उघडतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा. लक्षात राहत नसेल तर वहीत लिहून कपाटात ठेवा. दूर बसलेल्या चोराला तुमचे कपाट दिसत नाही. ती वही फोनच्या कव्हरमध्ये मात्र ठेवू नका. मग याच खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर दुसरी खूण मागणारे कुलूप, चालू करा.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, मग अकाउंट, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन. सहा आकड्यांचा पिन ठेवा आणि ईमेल जोडा. हे केले की एखाद्याने गोड बोलून तुमच्याकडून ओटीपी काढला तरी त्याला खाते आपल्या फोनवर नेता येत नाही.

फोन कुलूपबंद असतानाही पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसत असेल तर तो लपवा. नाहीतर टेबलावर पडलेल्या कुलूपबंद फोनवरचा ओटीपी कोणीही वाचतो. सिमलाही पिन ठेवा, कारण चोरीला गेलेल्या फोनमधले सिम दुसऱ्या फोनात घातले की ओटीपी तिकडे जातात. इथे एक काळजी घ्या: सिमचा मूळ पिन कंपनीनुसार वेगळा असतो आणि तीनदा चुकला की सिम अडकते. आधी ग्राहकसेवेला विचारा, मग हात लावा.

आता एक प्रसंग सांगते. मामलेदार कचेरीजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी उत्पन्नाच्या दाखल्याची कागदपत्रे छापायला गेले होते. दुकानातला मुलगा तत्पर होता, पाच माणसे एकदम सांभाळत होता. त्याने संगणक माझ्याकडे वळवला, म्हणाला, "ताई, तुमची फाईल तुम्हीच काढा." पडद्यावर व्हॉट्सॲप आधीच उघडे होते, ते कोणा दुसऱ्याच बाईचे. मुलीच्या लग्नाचे बोलणे, दागिन्यांचे फोटो, बँकेच्या पासबुकाचे पान. छापून झाल्यावर त्या निघून गेल्या, जोडणी तशीच राहिली. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये आधारच्या शेकडो पीडीएफ होत्या. त्यांचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल, हे सगळ्या देशाला माहीत आहे. नाव तर बऱ्याचदा फाईललाच दिलेले असते.

त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हते. मी दाखवल्यावर त्यानेच ते व्हॉट्सॲप बंद केले आणि फोल्डर रिकामे केले. पण आपण फोन वापरत राहिलो की अशी जोडणी आपोआप तुटत नाही, फोन 14 दिवस वापरातच नसेल तर तुटते. म्हणून आत्ता व्हॉट्सॲप उघडून लिंक्ड डिव्हायसेस पाहा. ओळखीचा नसलेला प्रत्येक संगणक लॉग आउट करा. दुकानात छापायचे असेल तर पेनड्राइव्ह न्या किंवा दुकानाच्या ईमेलवर पाठवा, आणि काम झाल्यावर फाईल तुमच्यासमोर पुसायला सांगा. रिसायकल बिनमधूनही. सांगायला संकोच करू नका, कागद तुमचा आहे.

पायरी 3: आधार आणि बाकीचे कागद

जिथे पूर्ण आधार क्रमांकाची गरज नाही तिथे मास्क्ड आधार द्या. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून डाउनलोड करताना तो पर्याय निवडता येतो, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. आधार क्रमांकाऐवजी देता येणारा सोळा आकडी व्हर्च्युअल आयडीही तिथेच काढता येतो. बोटांच्या ठशांवर बँकेतून पैसे काढता येतात हे लक्षात घेऊन आधारचे बायोमेट्रिक लॉक (ठशांचे कुलूप) लावून ठेवा, रेशन किंवा सिमसाठी लागेल तेव्हा थोडा वेळ उघडा. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवे लिहा: कशासाठी, कोणाला, तारीख. याने चोरी थांबत नाही, पण तो कागद दुसरीकडे चालवणे अवघड होते. भाड्याची स्कूटर घेताना कोणी मूळ आधार किंवा लायसन्स ठेवून घ्यायला मागितले तर पैशांची अनामत द्या, मूळ कागद हातातून सोडू नका.

गोव्यात या पायरीला दुसरी बाजू आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. आपल्यापैकी कितीतरी जण स्वतःच दुसऱ्यांच्या माहितीचे राखणदार आहेत. पेडण्याकडे किनाऱ्याजवळ राहणाऱ्या माझ्या काकी दोन खोल्या पर्यटकांना देतात. फोनमध्ये जागा उरली नाही म्हणून त्यांनी मला बोलावले. गॅलरीत पाहिले तर सहा वर्षांतल्या पाहुण्यांच्या ओळखपत्रांचे फोटो. नवराबायको, लहान मुले, परदेशी पासपोर्ट. सगळे आपोआप गूगल फोटोजवर चढलेले, आणि तो अल्बम पुण्यातल्या मुलाच्या फोनवरही दिसत होता.

काकी म्हणाल्या, "अगं, पोलीस कधी विचारायला आले तर? म्हणून ठेवले."

"काकी, नोंदवहीत लिहिलंत ना? मग फोटो कशाला?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझा फोन हरवला असता तर त्यांचे सगळे गेले असते, आणि त्यांना कळलेही नसते."

तुम्ही खोल्या देत असाल, गाड्या भाड्याने देत असाल, देवस्थान समितीच्या महाजनांची किंवा पतसंस्थेच्या सभासदांची यादी सांभाळत असाल, तर एवढे करा. नियमाने लागते तेवढेच नोंदवहीत उतरवा. परदेशी पाहुण्याची माहिती 24 तासांत सरकारी पोर्टलवर भरावी लागते, ती भरा आणि फोनमधला फोटो पुसा. व्हॉट्सॲपवरचे फोटो आपोआप बॅकअपला जात असतील तर ते फोल्डर बंद करा. आणि वर्गणीची यादी नंबरांसकट गावाच्या ग्रुपवर टाकू नका.

पायरी 4: ॲपना काय काय उघडे आहे ते पाहा

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग परमिशन मॅनेजर. लोकेशन, मायक्रोफोन, कॅमेरा, कॉन्टॅक्ट्स आणि एसएमएस या पाच ठिकाणी एकेक ॲप पाहा आणि विचारा, याला हे कशाला लागते? टॅक्सीच्या ॲपला लोकेशन लागते, पण "वापरताना फक्त" एवढे पुरते. हवामानाच्या ॲपला तुम्ही म्हापशात आहात एवढे कळले तरी चालते, कुठल्या गल्लीत आहात ते कळायला नको, म्हणून अचूक लोकेशन बंद करा. वर्षभर न उघडलेली ॲप काढून टाका.

कर्ज देणाऱ्या ॲपबाबत मात्र ताठ राहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा ॲपने तुमचे कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग, फोटो आणि फाईल यांना हात लावायचा नाही. केवायसीपुरता कॅमेरा, मायक्रोफोन किंवा लोकेशन, तेही तुमच्या स्पष्ट संमतीने, एकदाच. जे ॲप कॉन्टॅक्ट्स मागते ते पुढे हप्ता चुकला की तुमच्या साहेबाला आणि सोयऱ्यांना फोन करण्यासाठीच मागते. तिथेच थांबा आणि ॲप काढून टाका.

"आम्ही मिक्सरबद्दल बोललो आणि लगेच मिक्सरची जाहिरात आली, फोन ऐकतो ना?" हा प्रश्न प्रत्येक रविवारी येतो. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये अँड्रॉइडची 17,000 हून जास्त ॲप तपासली. चोरून आवाज पाठवणारे एकही सापडले नाही, काही ॲप पडद्याचे चित्रण पाठवत होती. जाहिरात येते ती दुसऱ्या वाटेने: घरातल्या कोणीतरी त्याच वायफायवर मिक्सर शोधलेला असतो, तुम्ही दुकानात जाऊन आलेले असता, तुमच्या वयाच्या आणि गावाच्या माणसांनी तो घेतलेला असतो. पदेराला कान लावावा लागत नाही तो याच अर्थाने.

पायरी 5: गूगलकडे साठलेले कमी करा

गूगल खात्यात डेटा अँड प्रायव्हसी उघडा. वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी आणि यूट्यूब हिस्ट्री या दोन्हींना ऑटो-डिलीट लावा, 3 महिन्यांचे. तिथेच जाहिराती तुमच्याप्रमाणे बदलणे बंद करता येते. फोनच्या सेटिंग्जमध्ये वरच्या शोधपट्टीत 'ॲड्स' लिहून ॲडव्हर्टायझिंग आयडी, म्हणजे जाहिरातवाले ज्यावरून तुमचा फोन ओळखतात तो क्रमांक, पुसून टाका.

यातून काय अपेक्षा ठेवायची? जाहिराती येतच राहतील, फक्त त्या तुमच्या मागच्या वर्षाच्या आजारपणावरून येणार नाहीत. बटण बंद केले म्हणजे नोंद थांबली असे मात्र समजू नका. लोकेशन हिस्ट्री बंद असतानाही दुसऱ्या सेटिंगखाली ठिकाणे साठत होती, हे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने 2018 मध्ये उघड केले. त्यावरून 2022 मध्ये गूगलने अमेरिकेतल्या 40 राज्यांशी 39 कोटी 15 लाख डॉलरची तडजोड केली. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीचेही तसेच. घरातल्या दुसऱ्या माणसाला तुमचा इतिहास दिसत नाही, संकेतस्थळाला आणि इंटरनेट कंपनीला दिसू शकतो.

व्हॉट्सॲपचा बॅकअप हीदेखील पटकन विसरली जाणारी जागा. चॅट्स, चॅट बॅकअप, एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू करा. ही सोय 2021 पासून आहे, पण आपणहून चालू करावी लागते. तिचा पासवर्ड हरवला तर बॅकअप कोणीच उघडून देऊ शकत नाही, तोही वहीत लिहा.

व्हीपीएन, म्हणजे तुमचे इंटरनेट दुसऱ्या कंपनीमार्फत नेणारी सेवा, विकणारे फार मोठी वचने देतात. व्हीपीएनने एवढेच होते की तुमच्या इंटरनेट कंपनीऐवजी व्हीपीएनवाल्याला दिसते. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती 5 वर्षे ठेवायची आहे. फुकटचा व्हीपीएन तर नकोच.

पायरी 6: कंपनीवर विश्वास कसा मोजायचा

कंपनी चांगली की वाईट असे मला विचारतात. मी तीन गोष्टी पाहते.

ती कशावर जगते? फेसबुक आणि व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटाच्या उत्पन्नातल्या 100 रुपयांपैकी 95 हून जास्त जाहिरातींतून येतात, गूगलच्या मूळ कंपनीचे सुमारे तीन चतुर्थांश. ज्याचे पोट माहितीवर चालते तो माहिती गोळा करणारच, त्याने कितीही गोड धोरण लिहिले तरी.

आधी दिलेला शब्द पाळला का? फेसबुकने 2014 मध्ये व्हॉट्सॲप विकत घेताना युरोपीय आयोगाला सांगितले होते की दोन्हींकडची खाती आपोआप जुळवणे शक्य नाही. 2016 मध्ये धोरण बदलून जोडणी सुरू झाली. दिशाभूल केल्याबद्दल आयोगाने 2017 मध्ये 11 कोटी युरो दंड ठोठावला. आपल्याकडे 2021 च्या धोरणबदलावरून स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये मेटाला 213 कोटींचा दंड केला.

आणि सर्वांत महत्त्वाचे, तिच्याकडे देण्यासारखे आहे तरी काय? 2021 मध्ये अमेरिकेच्या न्यायालयीन समन्सला उत्तर देताना सिग्नल हे निरोपांचे ॲप एका खात्याबद्दल दोनच गोष्टी देऊ शकले: खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले. बाकी त्यांनी साठवलेलेच नव्हते. मी याच कसोटीला सगळ्यांत जास्त मानते. मालक बदलतात, धोरणे बदलतात, सरकारे हुकूम काढतात. ब्रिटिश सरकारच्या मागणीनंतर ॲपलने फेब्रुवारी 2025 मध्ये त्या देशात आयक्लाउडचे, म्हणजे आपल्या ऑनलाइन साठवणुकीचे, सर्वांत कडक कुलूप काढून घेतले. जे साठवलेच नाही ते मात्र कोणालाच मागता येत नाही.

म्हणून सगळे सोडून सिग्नलवर या असे मी म्हणत नाही. वाड्याचा ग्रुप, भजनी मंडळ, शाळेचे निरोप व्हॉट्सॲपवरच राहणार, आणि राहू द्यावेत. आजारपण, घटस्फोट, जमिनीचा वाद, नोकरीतली तक्रार असे बोलणे ज्या दोन-तीन माणसांशी होते त्यांच्याशी सिग्नलवर बोला. एवढे प्रत्येकाला जमते.

पायरी 7: कायद्याकडून काय मिळेल

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितले. त्यानंतर 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि मुख्य तरतुदींना त्यापुढे 18 महिन्यांचा अवधी आहे. त्या लागू झाल्या की कंपनीकडे माझी कोणती माहिती आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा हक्क मिळेल. दंड 250 कोटींपर्यंत आहे. पण तो दंड सरकारी तिजोरीत जातो, ज्याची माहिती फुटली त्याला नाही. भरपाईची वाट दाखवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातले 43ए हे कलमही या मुख्य तरतुदींबरोबर रद्द व्हायचे आहे. सरकारी यंत्रणांना मोठी सूट आहे. मला हे मान्य नाही आणि ते मी उघडपणे सांगते. तरीही हक्क वापरा, कंपनीला लेखी मागा आणि उत्तर जपून ठेवा.

पायरी 8: फटका बसलाच तर

पैसे गेले तर 1930 वर लगेच फोन करा, मग सायबरक्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा, मग बँक. पहिल्या तासात पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, म्हणून लाजून किंवा घरच्यांच्या भीतीने रात्र जाऊ देऊ नका. चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार नुकसान तुमच्यावर पडत नाही. ओटीपी स्वतःच दिला असेल तर हे संरक्षण मिळत नाही, तक्रार तरीही करा. फोन हरवला तर संचार साथी या सरकारच्या दूरसंचार पोर्टलवर तो ब्लॉक करता येतो.

हे सगळे दर महिन्याला करायचे नाही. आमच्या घरी चवथीचा दुसरा दिवस ठरलेला आहे. मुंबईची, पुण्याची, दुबईची सगळी माणसे आलेली असतात, दुपारचे जेवण झाले की आईबाबांचे, आत्याचे, काकींचे फोन एका चटईवर येतात. लिंक्ड डिव्हायसेस, परमिशन, बॅकअप, आणि संचार साथीवर आपल्या नावे किती सिम आहेत ते. गेल्या वर्षी आत्याच्या नावे तीन निघाली, तिच्याकडे एकच होते. बाकी दोन "माझे नाही" म्हणून तिथल्या तिथे कळवली.